चिमट्यात धरलेलं वाक्य

गल्लीत पुन्हा बिबड्यांचा वास सुटलाय. दादर ज्वारीचं पीठ आंबवायचं, त्याचा घाटा शिजवायचा, ओल्या फडक्यावर पापडासारखा पातळ थापायचा आणि गच्चीवर उन्हात टाकायचा. मग पाखरं हाकलायला कुणीतरी काठी घेऊन सावलीत पेंगत बसायचं. पारोळ्यात हा आंबूस वास खिडकीतून आत आला की समजायचं, बारावीचे पेपर सुरू झाले. इतक्या वर्षांत या दोन गोष्टी कधी एकमेकींना सोडून आल्या नाहीत. मला आता दोन्हींचा शीण येतो. बिबडे करणं मी कधीच सोडलं, पेपरांचं तेवढं सोडता येत नाही.

आज मराठीचा होता. ज्याचा विषय असेल त्याला त्या दिवशी वर्गावर पाठवत नाहीत, म्हणून मी स्टाफरूममध्ये पंख्याखाली बसून होते. बाहेर व्हरांड्यात पाण्याचे माठ, फाटकाशी पोलीस, आणि भिंतीपलीकडे कुणाकुणाचे काका-मामा उगाच घुटमळत होते. पेपर सुटल्यावर एका मुलीकडून प्रश्नपत्रिका मागून घेतली. कथेवरच्या प्रश्नाखाली ती ओळ होतीच. उत्तरात कथेतील छोटी अवतरणे वापरा. मुलगी म्हणाली, "मॅडम, मी भरपूर टाकली." मी "छान" म्हटलं. हे "छान" हल्ली तोंडातून आपोआप निघतं, त्यात माझं फारसं काही नसतं.

ही ओळ मी किती वर्गांना समजावून सांगितली असेल. कथा अख्खी सांगू नका. तिच्यातला लहानसा तुकडा उचला, जसाच्या तसा अवतरण चिन्हात ठेवा, आणि मग त्याबद्दल तुमचं म्हणणं मांडा. सांगायला सोपं आहे. मुलं माना डोलावतात आणि गाईडमधली तयार वाक्यं पाठ करून येतात. तपासताना एकाच वाक्याने सुरू होणारे गठ्ठेच्या गठ्ठे हातात येतात, आणि एप्रिलच्या उकाड्यात आपण शिकवलं म्हणजे नेमकं काय केलं, हा प्रश्न पडतो. पण ही ओळ वाचली की मला ती मुलं आठवत नाहीत. मला सिंधू आठवते, आणि आमच्या घरात बोलणंच बंद झालं होतं ते वर्ष आठवतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हे एसटीत कंडक्टर होते. उभा जन्म धुळे-जळगाव रस्त्यावर गेला आणि जिभेला कधी विसावा म्हणून नाही. घरी आल्यावरही गाडीतच असल्यासारखे मोठ्याने बोलायचे, मी वह्या तपासत असले की चिडायचे मी. झटक्यात उजवी बाजू गेली आणि तिच्यासोबत बोलणंही गेलं. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, ऐकू येतंय, कळतंय सगळं, शब्द तेवढे सापडत नाहीत. येतील हळूहळू. त्या "हळूहळू"त मी सकाळी त्यांचं अंग पुसायचे, हातापायांचे व्यायाम करून घ्यायचे, पेज भरवायचे, साडी बदलून कॉलेजला पळायचे, दुपारी परत येऊन पुन्हा तेच. मुलगी पुण्याहून रोज फोन करायची. "आई, तू कशी आहेस?" "बरी आहे." याहून लांब उत्तर द्यायला सुचायचं नाही. आणि घरात आलं की कढईत उलथनं आपटल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा.

संक्रांत सरल्यावर एका दुपारी सिंधू दारात उभी राहिली. पारोळ्यापासून जवळच्याच एका गावात ती अंगणवाडीची मदतनीस होती. तिशी ओलांडलेली, दोन लेकरांची आई, काटक, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिच्या अंगणवाडीच्या सेविकाबाई त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. ती जागा सिंधूला मिळू शकत होती, पण बारावी पास असेल तरच. बाहेरून बसून तिने बाकीचे सगळे विषय काढले होते, अगदी इंग्रजीसुद्धा. एकट्या मराठीत दोनदा नापास झाली होती.

"गाव हसस माले," ती म्हणाली. "इंग्रजीमा पास, मराठीमा नापास. आपलीच भाषामा."

गावात बारावी झालेली आणखी एक सून होती आणि तिचे सासरे आतापासूनच कचेरीत फेऱ्या घालत होते. या खेपेला मराठी सुटलं नाही तर जागा गेली. मग पुढची पंचवीस वर्षं दुसऱ्या कुणीतरी पोरांना शिकवायचं आणि सिंधूने मागे पातेली घासायची. मी विचारलं, एवढं का मनाला लावून घेतेस, मदतनिसाचं कामही काही वाईट नाही. ती म्हणाली, "माले खिचडी रांधानी लाज नही मॅडम. पन पोरेसले गोट सांगस ना, तवय मीच माले बरी वाटस."

गोष्टीला ती गोट म्हणायची. मला "नाही, वेळ नाही" म्हणायचं होतं. खरंच नव्हता. पण तिने चपला काढल्या होत्या आणि आत खाटेवर ह्यांना बघून "काय भाऊ, बरं शे का?" असं अगदी सहज विचारलं होतं. इतके लोक भेटायला येत, पण सगळे ह्यांच्याविषयी माझ्याशी बोलत. ह्यांच्याशी थेट कुणी बोलत नसे. मी म्हटलं, ये उद्यापासून.

अभ्यासक्रमात तेव्हा एक कथा होती. जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडणारी एक बाई, तिची तीन लेकरं, आणि घरात एक भाकरी असलेली एक संध्याकाळ. त्या आईच्या मनःस्थितीवर प्रश्न हमखास यायचा. मी सिंधूला म्हटलं, लिही उत्तर. ती लिहीत बसली. मी ह्यांना चहा पाजला, भांडी घासली, दळण आणलं, तरी ती लिहीतच होती. पानंच्या पानं. कथा पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत अख्खी उतरली होती, आणि काही ठिकाणी लेखकाने न सांगितलेलंही होतं. धाकट्या पोराला ताप होता, हे सिंधूने स्वतःच्या पदरचं घातलं होतं. ती नापास का होते हे मला तिथेच कळलं. एका उत्तरात पेपर संपायचा. बाकीचे प्रश्न कोरे.

"अगं, गोष्ट त्यांना माहीत आहे. तू फक्त एक तुकडा घे."

"माले बठ्ठी गोट येस मॅडम. तुकडा कसा काढू?" ती खरोखरच कळवळून बोलली. "एवढंच लिखं ते तपासनारा म्हनी, हिले बाकीनं येत नही."

मी नेहमीचं समजावलं. दोन खुणा काढून दाखवल्या, सुरुवातीची आणि शेवटची, आणि त्यांच्या मध्ये एक वाक्य ठेवलं. तिने ते थोडा वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, "म्हंजे चिमटा. तवावरली भाकर अख्खी चूल घी कोनी उचलस का? चिमटामा धरी उचलानी." मला हसू आलं. त्या वर्षात मी हसले असे प्रसंग फार नसतील. तेव्हापासून आमच्यात अवतरण चिन्हाला चिमटाच म्हणायचं ठरलं. मी तिला नियमही त्याच भाषेत दिला. चिमट्यात फक्त कुणीतरी खरंच बोललेलं असेल तेच धरायचं. एक अक्षरही इकडचं तिकडे नाही. आपलं जे असेल ते चिमट्याच्या बाहेर.

बाहेर दादर कापणीला आली होती. सकाळी अजून शाल लागायची आणि दुपारी सिमेंटच्या ओट्यावर पाय ठेववत नसे. सिंधू पोरांना जेवू घालून, अंगणवाडी आवरून दुपारच्या गाडीने यायची. येताना कधी मेथीची जुडी, कधी शेतातले हिरवे हरभरे आणायची. गाडी चुकली तर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, डोक्यावरचा पदर सारखा करत यायची. मी पूर्वपरीक्षेचे गठ्ठे पुढ्यात घेऊन असायचे. ह्यांची खाट खिडकीशी. तिघांत बोलणारी ती एकटीच.

मग एके दिवशी तिने छान आटोपशीर उत्तर लिहिलं. तुकडाही नेमका उचलला होता. कथेतली आई लेकरांना म्हणते, "आज भाकरी एकच आहे, पण वाटणी सगळ्यांची आहे." सिंधूने चिमट्यात लिहिलं होतं, "आज भाकर एकच शे, पन वाटनी बठ्ठासनी शे."

मी लाल पेनाने खूण केली. ती बघतच राहिली. तिला चूक दिसतच नव्हती.

"कथेत काय आहे बघ. 'आहे' आहे."

"ती माय जिनिंगमा जास ना? मंग ती 'आहे' काबर म्हनी?" तिने विचारलं. "लेकरेसशी कोनी असं बोलस का?"

माझी स्वतःची आई साक्रीकडची, मरेपर्यंत "शे" म्हणत गेली. मी कॉलेजला धुळ्याला गेले आणि पहिल्या महिन्यातच "आहे" म्हणायला शिकले, इतकं की सुट्टीत घरी गेल्यावर आई म्हणाली, पाव्हणी आली वाटतं. पण परीक्षा ही परीक्षा. मी आवाज चढवून म्हटलं, "हे बघ सिंधू, लेखकाने 'आहे' लिहिलंय. चिमट्यात 'आहे'च येणार. म्हण, एकच आहे."

"एकच आहे," ती नाइलाजाने म्हणाली.

आणि खाटेवरून आवाज आला, "शे."

आम्ही दोघी वळलो. ह्यांनी मान थोडी उचलली होती. तोंड वाकडं होतं, पण डोळ्यांत तो जुना, गाडीतल्या भांडणात मजा घेणारा माणूस होता. पुन्हा म्हणाले, "शे." इतक्या आठवड्यांनंतरचा त्यांचा पहिला शब्द, आणि तो माझ्या विरुद्ध. सिंधू टाळ्या पिटत म्हणाली, "देखा! भाऊ मनाकडथीन शेत!" मी लाल पेन हातात धरून रडत होते. मला आनंदाने रडू येतंय की दमल्यामुळे, हे तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही.

त्यानंतर शब्द येत गेले, थोडे थोडे, सगळे अहिराणीतले. माझ्याशी जन्मभर हे अर्धं शहरी बोलत आले होते, शिक्षिका बायको म्हणून. ते शब्द परत आलेच नाहीत.

आता हे नाहीत. गेले त्याला दोन वर्षं होतील. दहाव्याला डेपोतली मंडळी आली होती, ओसरीवर बसून प्रत्येकाने ह्यांचं एकेक वाक्य सांगितलं. "पुढे सरका भाऊ, धुळं काही पळी जात नही." हे वाक्य तर तिघा-चौघांनी सांगितलं आणि सगळे हसले, मीही हसले. रात्रीच्या पाळीला उपाशी राहून दुसऱ्याला डबा दिल्याचं एकाने सांगितलं, पण त्यातही सगळ्यांना शेवटी आठवलं ते ह्यांचं वाक्यच. तेव्हा मला वाटलं, माणूस गेलं की असंच होत असावं. अख्खी गोष्ट कुणालाच सांगता येत नाही. तेवढा वेळ कुणाकडे नसतो, आणि अख्खी गोष्ट ठाऊकही नसते कुणाला. एखादं वाक्य तेवढं लोक घरी घेऊन जातात. मी वर्षानुवर्षं मुलांना जे शिकवत होते ते जग आधीपासूनच करत होतं. फक्त जग अक्षरं सांभाळत नाही. दोन वर्षांत त्या वाक्यातलं धुळं कुणाच्या तोंडी जळगाव झालंय, आणि परवा लग्नात एकाने तेच वाक्य भलत्याच कंडक्टरच्या नावावर सांगितलेलं मी कानांनी ऐकलं. मी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त्या करायचा मला आताशा फार कंटाळा येतो.

त्या वर्षी सिंधूच्या पेपराच्या दिवशी मी अशीच स्टाफरूममध्ये होते. तिचं केंद्र आमचंच होतं. ती फाटकातून आत येताना दिसली, इस्त्रीची साडी, हातात पारदर्शक पाऊच, आजूबाजूला सगळी तिच्या भाच्या-पुतण्यांच्या वयाची पोरं. मला बघून तिने हाताची दोन बोटं जुळवून चिमटा करून दाखवला. तीन तास माझं कशात लक्ष नव्हतं. पेपर सुटला तेव्हा मी ह्यांच्या औषधाच्या वेळेसाठी आधीच निघाले होते, त्यामुळे भेट झाली नाही. फोनवर म्हणाली, "लिखं मॅडम. पुरा पेपर लिखा." यापलीकडे काही बोलली नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. तिच्या आवाजावरून काहीतरी फसलंय असं मला वाटत राहिलं.

मग मार्च, एप्रिल. तपासणीचे गठ्ठे आले. ते दुसऱ्याच जिल्ह्यातले होते, तरी दर उत्तरपत्रिकेत मी "शे" शोधत असायचे. एक गोष्ट मी प्रामाणिकपणे सांगते, तपासणारा एप्रिलमध्ये फार वाचत नाही. अवतरण चिन्हं दिसली की पेन आपणहून बरोबरची खूण करतो आणि पुढे जातो. डोळे दुखत असतात, संध्याकाळपर्यंत गठ्ठा संपवायचा असतो. कुठेतरी कुणीतरी सिंधूचाही पेपर असाच मान मोडून तपासत असेल, या विचाराने मला भीती वाटायची आणि धीरही यायचा.

निकाल लागला तो मे महिन्यातला रखरखीत दिवस होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुपारच्या गाडीने सिंधू आली आणि ओट्यावर धपकन बसून म्हणाली, "सुटनं मॅडम." पास झाली होती. काठावर नव्हे, चांगली. पुढे पावसाळ्यात तिची ऑर्डर निघाली, ती आजही त्या गावात सेविका आहे आणि तिच्या अंगणवाडीतली पोरं गोष्टी अख्ख्या ऐकतात. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी दारातच उभी राहून विचारलं, "आणि ते वाक्य? 'शे' तर नाही ना लिहिलंस?"

ती खाली बघायला लागली.

"ते वाक्य आठवनंच नही मॅडम. भाकरनं. पेपर हातमा उना आनि बठ्ठं पुसायी गयं. चिमटा काढा, दोन्ही बाजूना, आनि मजार काहीच नही."

"मधे काहीच नाही? मग?"

"मंग तुमनं टाकं."

"माझं? माझं कुठलं?"

तिने सांगितलं. एका दुपारी मी ह्यांचं अंग पुसून, चादर बदलून बाहेर आले होते. ती म्हणाली होती, मॅडम, जराशा बसा ना. आणि मी भिंतीला हात टेकून काहीतरी बोलले होते. काय बोलले ते मला अजिबात आठवत नव्हतं. तिला आठवत होतं. तिने ते मला माझ्याच शुद्ध भाषेत, सावकाश, एकेक शब्द सांभाळून म्हणून दाखवलं.

"बसले तर उठवणार नाही, म्हणून बसत नाही."

कथेतल्या त्या जिनिंगमधल्या आईच्या तोंडी हे घालून तिने पुढे पान भरून लिहिलं होतं, की बाई का बसत नाही, बसली तर काय होईल, आणि तिला बस म्हणणारं घरात कुणी का नाही. तपासणाऱ्याने बरोबरची खूण केली असणार. शिक्षिका म्हणून मी तिला रागवायला हवं होतं. कथेत नसलेलं वाक्य कथेच्या नावावर खपवणं ही चूकच आहे, आणि ते म्हणायला मी तोंडही उघडलं.

"तुमीच सांगेल व्हतं ना," सिंधू घाईने म्हणाली, "चिमटामा कोनी खरंच बोलेल शे तेच धरानं. हाई बोलेल शे. मी आयकेल शे. एक अक्षर बदलं नही मॅडम. 'नाही'नं 'नही'बी नही करं."

मी ओट्यावर तिच्या शेजारी खाली बसले. तेवढ्यात आतून ह्यांनी हाक मारली. मी उठायला हात टेकला, तर सिंधूने तो दाबून धरला, "मी देखस," म्हणाली, आणि उठून आत गेली. मी बसून राहिले.